जावयाचे दोन पासपोर्ट आणि आमचे ४,५७,५०० रुपये

चार लाख सत्तावन्न हजार पाचशे. मुलीला परदेशी पाठवण्याच्या नावाखाली व्हिसा सल्लागारांनी आमच्याकडून उकळलेले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण नात्यात अजून कुणाला सांगितलेला नाही. व्याह्यांना तर नाहीच.

जावई जन्मानं अमेरिकन. त्याचे आई-वडील पुढे कॅनडात गेले, म्हणून तो कॅनडाचाही नागरिक. नोकरी टोरंटोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात लग्न झालं, महापालिकेत नोंदणी झाली आणि तो परत गेला. मुलीला न्यायचं तर कोणत्या देशाच्या वाटेनं, एवढाच प्रश्न होता. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला लोक तसं म्हणतात, पण ते नागरिकत्व नव्हे. मग माझ्यासारख्याला यातलं काय कळणार? जावई म्हणत होता, "बाबा, कॅनडाचा अर्ज मीच ऑनलाइन भरतो." मी म्हणालो, नको, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, जाणकाराकडून करून घेऊ. ते माझं वाक्य अजून मला झोपू देत नाही.

डेक्कनजवळच्या एका हॉटेलात अशा सल्लागारांचं 'मोफत मार्गदर्शन' होतं. तिथून त्यांच्या जंगली महाराज रस्त्यावरच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर कॅनडाचं सल्लागार-परवान्याचं प्रमाणपत्र, काचेत. "काका, दोन पासपोर्ट म्हणजे दोन दारं. दोन्हीकडे फाइल टाकू, आधी निघेल ती आपली. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला रांग नसते." शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि हे लोक अर्ध्या खऱ्यावरच जगतात. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागत नाही, हे बरोबर. पण अर्ज करणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं, किंवा तिथे राहायला जाणार असल्याचे पुरावे द्यावे लागतात. वर उत्पन्नाचं हमीपत्र. आमचा जावई टोरंटो सोडणारच नव्हता! कॅनडात तो राहतोच आहे, आणि नुसत्या बायकोसाठी तिथे सहसा किमान उत्पन्नाची अटही नसते. आमच्यासाठी वाट एकच होती. ती आम्हाला जावयानं दाखवली होती, फुकट.

हिशेब असा. नोंदणी २५,०००. सल्ला फी १,८०,०००. 'दोन्ही देशांची सरकारी फी' २,१४,०००. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि कागदपत्रं ३८,५००. त्या वेळी कॅनडाची फी १,२०५ कॅनेडियन डॉलर होती, बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. अमेरिकेत जोडीदारासाठी भरायच्या आय-१३० अर्जाची ऑनलाइन फी ६२५ डॉलर. दोन्ही मिळून दीड लाखसुद्धा होत नाहीत. शिवाय ही फी आपण आपल्या कार्डानं थेट सरकारी संकेतस्थळावर भरू शकतो. सरकारी फी म्हणून कुणी खासगी खात्यात पैसे मागितले, तर तिथूनच उठा.

आता तो दिवस. अमेरिकेच्या फॉर्मवर जावयाचा पत्ता न्यू जर्सीचा लिहिलेला दिसला. तिथे त्याचे चुलते राहतात. मी विचारलं, तो तर टोरंटोत आहे ना? "काका, फॉर्मॅलिटी असते, टेन्शन घेऊ नका." आणि मी गप्प बसलो. एकतीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासली, खोटी सही लांबून ओळखायचो, आणि डोळ्यांदेखत खोटा पत्ता लिहिला जात असताना चहा पीत बसलो. का? मुलगी शेजारी बसली होती, तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा खुललेला होता. खोट्या माहितीबद्दल कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, अमेरिकेत ती बंदी कायमचीही असू शकते. अर्ज गेलाच नाही हे आमचं नशीब.

हो, गेलाच नव्हता. अमेरिकेच्या अर्जाची पोचपावती म्हणून दिलेल्या कागदावर तीन अक्षरं आणि नऊ आकडे. खऱ्या पावतीवर तीन अक्षरांपुढे दहा आकडे असतात. संकेतस्थळावर नंबर सापडेना, तर म्हणे "दुहेरी फाइल ऑनलाइन दिसत नाही". असं काही नसतं. कॅनडाच्या परवानाधारक सल्लागारांची यादी त्यांच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे परवाने देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. दोन मिनिटांचं काम. भिंतीवरचं नाव तिथे नव्हतं. मी ते ऑफिसला कुलूप लागल्यावर पाहिलं.

मग दारोदार. चौकीत सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, वकील करा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः चेकनं दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात रक्कम छोटी. छोटी! माझ्या फंडातले पैसे आहेत ते. पुन्हा चौकी. एका साहेबांनी वर विचारलं, "एवढे शिकलेले असून कसे फसलात?" चोराला शोधायचं सोडून मला लाजवायला वेळ आहे यांच्याकडे. दूतावासाला ईमेल केली, तर या नावाचा अर्ज नाही, स्थानिक पोलिसांकडे जा, असं दोन ओळींचं उत्तर. सात महिने झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, हे ठाण्यात मी त्यांना वाचून दाखवायचं का?

अर्ज तोंडी देऊ नका. लेखी द्या, पोच घ्या, पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, घरी चर्चा नंतर. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवू नका. मुलीचं विवाह प्रमाणपत्र त्याच कुलपाआड होतं, दुसरी प्रत काढायला पुन्हा हेलपाटे.

जावयानं मार्चमध्ये कॅनडाचा अर्ज स्वतः भरला. एका शब्दानं मला बोलला नाही, ते जास्त लागतं.

त्या बंद ऑफिसच्या जिन्यात मला आणखी दोघे भेटले, एक साताऱ्याचे, एक चिंचवडच्या ताई. तिघांची रक्कम मिळून ११,९२,००० होते. आता छोटी म्हणता येणार नाही. सोमवारी तिघे मिळून एकच अर्ज देणार आहोत. त्याच जिन्यानं चढलेले आणखी कुणी असाल, तर बँकेचा उतारा आणि त्यांनी दिलेला प्रत्येक कागद घेऊन आमच्यासोबत या.