माशांच्या रक्तातील ट्रिपॅनोसोमा: रक्त-अगर की द्रव माध्यम?

मरळ किंवा मागूर माशाच्या रक्तातील, जळवांमार्फत पसरणारे ट्रिपॅनोसोमा (एकपेशीय परजीवी) वाढवायचे असतील, तर नागपुरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी सुरुवात सशाचे रक्त मिसळलेल्या अगरवरच (जेलीसारख्या घट्ट माध्यमावरच) करावी, असे माझे ठाम मत आहे. नळीतील तिरप्या अगरच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की वळवळणारे परजीवी स्पष्ट दिसतात आणि खर्चही आवाक्यात राहतो. मात्र तांबड्या पेशींचे अवशेष मिसळल्याने शुद्ध प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते तो परजीवीतील घटक) मिळवणे कठीण जाते. त्या कामासाठी ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घातलेले द्रव माध्यम सरस, पण ते महाग पडते. दोन्हींना साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते, त्यामुळे मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, थंडाव्याची सोय असलेला इनक्युबेटर हवाच.