आधी चॅप्लिन की आधी कीटन?

मूकपट कधीच पाहिलेला नाही आणि एका रविवारी एकच पाहायचाय, तर माझं मत चॅप्लिनच्याच काळातल्या अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनला. चॅप्लिन कमी आहे म्हणून नव्हे. चॅप्लिन आपण न पाहताच अर्धा पाहिलेला असतो. ती टोपी, काठी, फेंगडी चाल शाळेच्या गॅदरिंगमध्ये भेटते, राज कपूरच्या अंगात भेटते. कीटन मात्र बहुतेकांना कोरा सापडतो.

दोघेही लहानपणापासून रंगमंचावरचे. पण कीटनचे वडील कार्यक्रमात या पोराला चक्क उचलून फेकायचे, आणि त्यातून तो पडायचं कसं ते शिकला. त्याची सगळी दिग्दर्शनाची रीत मला तिथूनच आलेली वाटते. कॅमेरा लांब, माणूस नखशिखांत दिसतो, चेहरा मख्ख. 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये (१९२८) घराची दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो नेमका वरच्या खिडकीच्या चौकटीतून वाचतो. भिंत खरी होती. थोडा बाजूला उभा असता तर खेळ खलास! 'द जनरल'मध्ये (१९२६) तर जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत पाडलंय. गंमत म्हणजे तेव्हा हा सिनेमा पडला.

चॅप्लिन उलट कॅमेरा चेहऱ्यापाशी नेतो. 'सिटी लाइट्स'च्या (१९३१) शेवटच्या दोन मिनिटांत तो फक्त बघतो आणि हसतो, आपण मात्र रुमाल शोधतो. हसता हसता रडायचं असेल तर बेलाशक तिकडे वळा. कीटन रडवत नाही, तो आ वासायला लावतो.

निवड करताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चॅप्लिनचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि १९१९ साली स्थापन झालेल्या युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट वितरण कंपनीत तो भागीदार होता. त्यामुळे बोलपट आल्यावरही १९३६ मध्ये 'मॉडर्न टाइम्स' जवळजवळ संवादांशिवाय काढायची चैन त्याला परवडली. कीटन १९२८ मध्ये एमजीएम या बड्या हॉलिवूड स्टुडिओच्या पगारावर गेला. तिथला पहिला 'द कॅमेरामन' उत्तम आहे, पण हळूहळू सूत्रं त्याच्या हातून गेली, दारू वाढली आणि १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकलं. म्हणून चॅप्लिनचा १९४० पर्यंतचा कुठलाही मोठा सिनेमा डोळे मिटून लावा; कीटनचे १९२० ते १९२९ एवढेच. त्याचे एमजीएमचे बोलपट चुकूनही पहिल्यांदा बघू नका, मन उडेल.

घरात मुलं असतील तर 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४). जेमतेम पाऊण तासाचा. प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपेत पडद्यावरच्या सिनेमात शिरतो, एवढं सांगितलं तरी पोरं बसतात. चॅप्लिनपैकी 'गोल्ड रश' निवडलात तर १९२५ची मूळ प्रत शोधा. १९४२ मध्ये त्याने स्वतःच्या आवाजात निवेदन घालून ती छाटली. मला ते निवेदन मधे मधे बोलणाऱ्या शेजाऱ्यासारखं वाटतं. कीटनच्या बाबतीत संगीत प्रतीगणिक बदलतं, म्हणून आधी दोन मिनिटं ऐकून बघा. पियानो कान किटवत असेल तर दुसरी प्रत घ्या.

दोघांची गोडी लागली की 'लाइमलाइट' (१९५२) लावा. त्यात एका मंचावर दोन म्हातारे आहेत, चॅप्लिनच्या हातात व्हायोलिन, कीटन पियानोवर, आणि स्वरलिपीचे कागद काही केल्या कीटनच्या पुढ्यात टिकत नाहीत.