स्काय की किलमार्टिन? आईबाबांना घेऊन तीन दिवस असतील तर

स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत राहायला लागल्यापासून दर एप्रिलमध्ये कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, आईबाबा येतायत, तीन दिवसांची सुट्टी टाकलीय, स्काय बेट करून येतो, हॉटेल सांग ना. आणि मी दरवेळी विचारते की किलमार्टिन ऐकलंयस का, ती जुन्या दगडी वास्तूंची दरी, तर समोरून प्रश्नचिन्ह. एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवेन. आमचे आईबाबा दोन्हीकडे जाऊन आलेत, आधी स्काय, मग पुढच्या वर्षी किलमार्टिन, त्यामुळे निदान ऐकीव माहितीवर बोलत नाहीये.

आधी अंतर, कारण सगळं गणित तिथेच बिघडतं. ग्लासगो ते पोर्ट्री, म्हणजे स्कायचं मुख्य गाव, साधारण 215 मैल, म्हणजे न थांबता पाच तासांच्या वर, आणि न थांबता जाणार कसे, मधे ग्लेन्कोची दरी येते, तिथे थांबलात नाही तर तुम्ही माणूस नाही. शिवाय स्कायला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे आयलन डोनन किल्ला. म्हणजे जायचा दिवस गेला, यायचा दिवस गेला, हातात उरला एक. किलमार्टिन मात्र लॉक लोमंड तळ्याच्या कडेने, इनव्हेरेरीला चहा घेऊन, लॉकगिल्पहेड गावावरून वर, आरामात अडीच तास. दुपारच्या जेवणाला तिथे.

आता स्कायबद्दल खोटं बोलणार नाही, ते भारीच आहे. ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका धुक्यातून अर्धा बाहेर आला तेव्हा बाबा म्हणाले, अगं हा तर आपला सह्याद्री! आणि ते फार चुकले नव्हते. आपल्या सह्याद्रीचा खडक, डेक्कन ट्रॅप, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, इथला 6 कोटींच्या आसपासचा, दोन्ही बेसॉल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड. फरक इतकाच की स्कायच्या त्या भागात, ट्रॉटर्निशला, लाव्ह्याच्या जाड थराखाली ज्युरासिक काळातला मऊ चिखलदगड आहे, वरचं ओझं त्याला पेलवलं नाही, आणि डोंगराची अख्खी कडा घसरत खाली आली. स्टॉर आणि क्विरँग ही त्या घसरणीचीच पडझड, आणि क्विरँगच्या खालचा भाग अजूनही सरकतोय, तिथला रस्ता सतत दुरुस्त करावा लागतो. स्टाफिनच्या किनाऱ्यावर ओहोटीला डायनोसॉरच्या पावलांचे ठसेही दिसतात, पण ते शोधायला नशीब लागतं, आम्हाला वाळूच दिसली.

पण स्टॉरला वर जायचं म्हणजे चढ आहे, जाऊन येऊन दीड-दोन तास, पाऊस झाला असेल तर चिखल, आणि वारा असा की आईची दादरहून आणलेली छत्री पहिल्या दहा मिनिटांत उलटी झाली ती परत सुलटी झालीच नाही. बाबांचा गुडघा अर्ध्यात बोलायला लागला, मग ते दोघं गाडीत बसले आणि मी एकटीच वर. पार्किंगचे पैसे भरून आईबाबांना गाडीतून डोंगर दाखवला, असा त्याचा हिशोब. पोर्ट्रीतून बाहेर पडलं की बरेच रस्ते एकाच गाडीपुरते रुंद, समोरून गाडी आली की कडेच्या पासिंग प्लेसमध्ये सरकायचं, जुलै-ऑगस्टमध्ये समोरून मोटरहोमची रांग. आणि राहायचं बुकिंग. आम्ही मार्चमध्ये जूनचं बघायला गेलो तर उरलेलं जे काही होतं ते एक ओलसर खोली, जिच्या भाड्यात लोणावळ्याला आठवडा निघाला असता. जेवायचंही तसंच, टेबल आधी बुक नसेल तर रात्री चिप्स खा.

किलमार्टिनला डोंगर नाहीत. हे आधीच सांगते म्हणजे नंतर शिव्या देऊ नका. एक सपाट हिरवी दरी, मेंढ्या, आणि सहा मैलांच्या परिसरात 800 च्या वर जुन्या वास्तू, त्यातल्या काही 5,000 वर्षांच्याही पलीकडच्या. दगडांच्या राशी घालून केलेल्या थडग्यांची एका ओळीत रांग, टेंपल वुडचं दगडांचं वर्तुळ, नेदर लार्गीचे उभे दगड, हे सगळं गाडी लावून सपाट चालत होतं, तिकीट नाही, गेट नाही, कोणी शिट्टी मारत नाही. आई पहिल्या अर्ध्या तासात म्हणालीच, दगड बघायला विलायतेला आणलंस होय? आम्ही नागपूरचे, तर मी तिला म्हटलं, काटोल रोडला जुनापाणीला काय आहे मग? तिथेही सुमारे 300 दगडी वर्तुळं आहेत, लोहयुगातली, आणि काही दगडांवर छोटे गोल खळगे कोरलेत. तसेच खळगे इथे अ‍ॅक्नाब्रेकच्या खडकावर आहेत. म्हणजे नातं काही नाही, काळही वेगळा, पण 19 व्या शतकात नागपूरजवळची वर्तुळं खणणाऱ्या रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यालाही ते खळगे बघून ब्रिटनमधलेच आठवले होते.

अ‍ॅक्नाब्रेकचं एक सांगते, तिथे भर दुपारी जाऊ नका. आम्ही आधी दोन वाजता गेलो, उताराचा मोठा करडा खडक, त्यावर शेवाळ, बास. परत संध्याकाळी आठला गेलो, जूनमध्ये उजेड दहापर्यंत असतो, ऊन तिरपं झालं होतं आणि तोच खडक भरून गेला होता, खळग्याभोवती वर्तुळ, त्याभोवती अजून एक, काही तर जवळपास मीटरभर रुंद, आणि खळग्यांत सकाळच्या पावसाचं पाणी. आईने रांगोळीचे ठिपके मोजतात तसं बोटाने हवेतच मोजायला सुरुवात केली. जंगल खात्याच्या पार्किंगपासून थोडा चढ आहे, पण बाबांना जमला.

डुनॅडला मात्र जपून. दलदलीच्या मधे उभी 54 मीटरची टेकडी, दाल रियाता या जुन्या राज्याच्या राजांचं ठाणं, आणि वर खडकात कोरलेलं एक पाऊल, नव्या राजाने त्यात पाय ठेवायचा असं मानतात. बाबांनी बूट काढून लोकरीच्या मोज्यासकट पाय ठेवला, फोटो झाला, आणि मग मला सांगावं लागलं की तो दगड प्रतिकृती आहे, खरा त्याच्या खाली झाकून ठेवलाय. ते म्हणाले, चालेल, मीही काही खरा राजा नाही. वरून मोइन म्होरचा दलदलीचा पट्टा आणि वळणं घेत जाणारी अ‍ॅड नदी दिसते, तो त्या ट्रिपचा सगळ्यात चांगला अर्धा तास. दगड ओले असतील तर म्हाताऱ्या माणसांनी खालीच थांबावं.

पावसाचा दिवस निघाला तर किलमार्टिनला म्युझियम आहे, 2023 मध्ये नव्याने उघडलेलं, आणि शेजारच्या चर्चच्या आवारात मध्ययुगीन योद्ध्यांच्या कोरीव थडगेशिळा. 1801 पासूनचा क्रिनन कालवा जवळच, नऊ मैलांचा, त्याच्या काठाने सपाट चालता येतं, आणि होड्या लॉकमधून, म्हणजे कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दरवाजांतून, जाताना बघत बाबा तासभर हलले नाहीत. जेवणाचं इथे स्कायपेक्षाही कमी, सामान लॉकगिल्पहेडला घ्या, आम्ही सोबत थेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. चिलटं, म्हणजे मिजेस, दोन्हीकडे, मे अखेर ते सप्टेंबर, वारा पडला की अंगावर तुटून पडतात.

मग कोणासाठी काय? पाच दिवस असतील, मंडळी चालणारी असतील, आणि आयुष्यात एकदाच यायचं असेल तर स्कायच करा, मी अडवणार नाही, एप्रिल अखेर किंवा सप्टेंबरला जा. तीनच दिवस, सोबत साठी-पासष्टीचे आईबाबा, शेवटच्या क्षणी ठरलेलं, तर किलमार्टिन. गाडी चालवायची नसेल तर जरा उलटं आहे, ग्लासगोहून पोर्ट्रीला थेट बस जाते, किलमार्टिनला लॉकगिल्पहेडपर्यंत येऊन दुसरी बस बघावी लागते, आणि ती दिवसातून मोजक्याच वेळा.

आणि किलमार्टिनला निघायच्या सकाळी वाटेतला ए83 रस्ता चालू आहे का ते बघा. रेस्ट अँड बी थँकफुलच्या खिंडीत जोराच्या पावसात दरड येते आणि रस्ता बंद होतो, तसं झालं तर टिंड्रमवरून ओबानला जा आणि ए816 ने खाली उतरा, वेळ जास्त लागेल, पण ओबानला मासे मिळतील.