व्हॅलेन्सियात भाड्याची गाडी : वरूडच्या संत्रावाल्याचा अनुभव

गाडी देणाऱ्या कंपनीला ५ पैकी ३ स्टार, आणि ते गाडी चांगली होती म्हणून. काउंटरवरच्या वागणुकीला १ च दिला असता.

आम्ही वरूड तालुक्यातले, घरी संत्र्याची ६०० झाडं. पोरगी जर्मनीत शिकते, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिला भेटायला गेलो तर ती म्हणे बाबा कुठं फिरायचं, मी म्हटलं मले पॅरिस-बिरिस काही पाह्यचं नाही, ज्या गावाच्या नावाचा संत्रा जगभर विकला जाते ते स्पेनचं व्हॅलेन्सिया दाखव. बगीचे शहराच्या बाहेर, तिथं बसच्या भरवशावर मनासारखं थांबता येत नाही, म्हणून विमानतळावरूनच ३ दिवसांसाठी गाडी बुक केली.

इंटरनॅशनल परमिट अमरावतीच्या आरटीओतून काढलं होतं, फी १,००० रुपये, वर्षभर चालते. आपलं मूळ लायसन्स पण सोबत न्या, दोन्ही पाहतात. अडचण आली ती कार्डाची. डिपॉझिटसाठी जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे, पोरीचं चालत नाही, डेबिट तर नाहीच. माझं कार्ड होतं पण त्यावर बाहेरदेशचे व्यवहार बंद, ते बँकेच्या ॲपमधून चालू करेपर्यंत पाऊण तास गेला आणि मागं लाइन लागलेली. मग काउंटरवरचा माणूस म्हणे रोजचे २८ युरो भरून फुल इन्शुरन्स घ्या, नाहीतर १,००० युरो ब्लॉक करतो. बुकिंग करताना हा आकडा कुठंतरी खाली बारीक अक्षरात होता, आम्हाला दिसला नाही, आणि ऐनवेळी माणसाला असं कोंडीत पकडणं मला अजिबात पटलं नाही. मी ब्लॉक होऊ दिले. लाखाच्या जवळची रक्कम असते ती, तेवढी लिमिट ठेवूनच जा.

गाडी सियाट इबिझा, नवीन, एसी मस्त. निघायच्या आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवला. स्टेअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. पहिला अर्धा दिवस आमची मंडळी बाजूला बसून "अजी, उजवीकडं घ्या, उजवीकडं" म्हणत होती आणि खरं सांगतो त्याचा उपयोग झाला. गोल चौकात आतमधल्या गाडीचा हक्क आधी, आपण थांबायचं. पंपावर नीट वाचा, गासोलिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलिओ म्हणजे डिझेल, नाव इतकं सारखं आहे की कोणाचाही गोंधळ होईल.

शहरात मात्र गाडीचा काही फायदा नाही. बहुतेक गल्ल्यांत ३० ची स्पीड लिमिट, निळ्या पट्ट्यात पैसे भरून पार्किंग, पिवळ्यात लावायचीच नाही, फुकटची पांढरी पट्टी शोधता शोधता डोकं उठते. विमानतळावरून मेट्रोच्या ३ आणि ५ नंबरच्या लाइन थेट शहरात जातात. आता परत गेलो तर शहर मेट्रोनं आणि पायी पाहीन, गाडी फक्त बाहेर जायच्या दिवसासाठी घेईन.

त्या बाहेरच्या दिवसासाठी सगळे पैसे वसूल झाले बावा. एपी-७ महामार्गानं दक्षिणेला अल्झिरा, कार्काइशेंतकडं निघालो, या रस्त्याचा टोल २०२० पासून बंद आहे, १२० ची लिमिट. दोन्हीकडं संत्राच संत्रा. काच खाली केली आणि फुलांचा वास आला, आपल्याकडं संत्र्याला आंबिया बहार फुटल्यावर येतो तोच, मी गाडी बाजूच्या कच्च्या रस्त्यावर घेऊन थांबवली. एकाच झाडावर पिकलेलं फळ आणि नवीन फूल दोन्ही, उशिराची व्हॅलेन्सिया जात तशीच असते. झाडं बुटकी, फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या, बुडाशी ड्रिप. साल घट्ट, रसाचं फळ, आपल्या नागपुरीसारखं हातानं सोलून फोडी वेगळ्या होणारं नाही. मी तासभर तरी बांधावर उभा होतो, पोरीनं काही घाई केली नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी १२ वाजता मोठ्या चर्चच्या दारासमोर शेतकऱ्यांचीच पाणी पंचायत बसते, ८ कालव्यांचे प्रतिनिधी, तक्रार तोंडी, निकाल जागीच. शेकडो वर्षांची रीत आहे, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. आमच्याकडं बोअर ८००-१००० फुटांवर गेल्या, डार्क झोन, म्हणजे जमिनीतलं पाणी अति उपसलेला भाग, होऊन वर्षं झाली, शेजाऱ्याशी पाण्यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत. त्या दारासमोर उभं राहून गळा दाटून आला.

शहरातून वाहणारी तुरिया नदी १९५७ च्या पुरानंतर त्यांनी शहराबाहेरून वळवली, जुन्या पात्रात आता बगीचा आहे. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात शहर वाचलं पण दक्षिणेकडची गावं बुडाली, २०० च्या वर माणसं गेली. आमच्याकडच्या मोवाड गावाचा १९९१ चा पूर ज्यानं पाहिला त्याला त्या गावांजवळून जाताना काय वाटते ते सांगावं लागत नाही.

परत देताना टाकी फुल करून पावती दाखवली. मागच्या बंपरवरच्या एका ओरखड्यावर बोट ठेवलं त्यांनी, व्हिडिओ दाखवला तर तो विषय तिथंच मिटला. ब्लॉक केलेले पैसे ११ व्या दिवशी सुटले, मधे दोन मेल केले त्याचं उत्तर अजून आलं नाही.