लेटेकमध्ये गणित टाइप करणं: जमतं लवकर, पण एररचा ताप आहे

इक्वेशनच्या खिडकीत माउसने एकेक चौकोन भरत बसायचा कंटाळा आला असेल तर लेटेक बघाच, त्यात समीकरणं खुणा आणि कमांड टाइप करून लिहायची, रन केलं की त्यातून नीट मांडलेली पीडीएफ तयार होते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि नुसत्या गणितापुरतं बोलायचं तर माझ्याकडून पाचापैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

बेसिक गोष्टी खरंच थोड्या आहेत. डॉलरच्या दोन खुणांच्या आत लिहिलं की ते गणित, बाहेरचं सगळं साधा मजकूर. घातांकाला कॅरट (^), खालच्या बारीक अक्षराला अंडरस्कोर, अपूर्णांकाला बॅकस्लॅश फ्रॅक आणि पुढे दोन महिरपी कंस, पहिल्यात अंश दुसऱ्यात छेद. ग्रीक अक्षरं नावानेच हाक मारायची, बॅकस्लॅश अल्फा, बॅकस्लॅश बीटा. शाळेतलं बहुतेक गणित एवढ्यात निघतं. एक गोम आहे, कॅरट फक्त पुढच्या एकाच चिन्हाला वर उचलतो, त्यामुळे एक्सचा दहावा घात सरळ टाइप केलात तर एक वर जातो आणि शून्य बापडं खालीच राहतं, वर एरर पण येत नाही, म्हणजे प्रिंट हातात येईपर्यंत कळणारच नाही. घातांक महिरपी कंसात टाकायची सवय लावून घ्या, विषय संपला.

आता ज्यासाठी मी हे वापरतो ते म्हणजे स्पेसिंग. गणिताच्या आत स्पेसबार दाबा नाहीतर दाबू नका, त्याला काही फरक पडत नाही, कारण कुठलं चिन्ह काय काम करतंय हे ते स्वतः बघतं. ए वजा बी मधल्या वजाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतं पण नुसतं उणे एक्स असेल तर वजा एक्सला चिकटवतं, बरोबरच्या चिन्हाला अजून जरा मोकळं ठेवतं, आणि कीबोर्डवरचा आखूड हायफन गणितात आपोआप नीट लांब वजा होतो. हे सगळं काहीही न सांगता! फक्त साइन, लॉग वगैरेंच्या आधी बॅकस्लॅश विसरू नका, नाहीतर एस गुणिले आय गुणिले एन असल्यासारखी तिरकी अक्षरं येतात. इंटिग्रलमध्ये डीएक्सच्या आधीची बारीक फट मात्र आपणच द्यायची, बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम.

या काटेकोरपणामागे कारण आहे. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या हातात स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, त्यातली अक्षरजुळणी बघून ते एवढे वैतागले की टेक नावाची जुळणीची सिस्टिमच लिहायला घेतली, आणि ऐंशीच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक उभं केलं. टेकचा व्हर्जन नंबर दर दुरुस्तीला पायच्या एकेक अंकाने पुढे सरकतो, २०२१ चा ३.१४१५९२६५३ आहे. हौस बघा.

मोठ्या अपूर्णांकाभोवती साधे कंस टाकले तर ते बुटकेच राहतात, त्यांना आधी बॅकस्लॅश लेफ्ट आणि बॅकस्लॅश राइट जोडून द्यायचं. ही जोडी फुटली की बोंबाबोंब, एकाच बाजूला कंस हवा असेल तर दुसऱ्या बाजूला टिंब देऊन जोडी पुरी करायची. स्वतंत्र ओळीतल्या समीकरणाला दोन-दोन डॉलर लावायची जुनी पद्धत लेटेकमध्ये टाळा, वरखालची जागा बिघडते, बॅकस्लॅश आणि चौकटी कंस वापरा. एकाखाली एक पायऱ्या मांडायला एएमएसमॅथ या जोड-पॅकेजमधलं अलाइन घ्या. जुन्या नोट्समध्ये त्याच कामासाठी इक्यूएनॅरे सापडेल, त्याला हात लावू नका, बरोबरच्या चिन्हाभोवती नको एवढी मोकळी जागा सोडतं.

तर तो अर्धा पॉइंट एररचा. मजकुरात कुठेतरी फाइलच्या नावातला अंडरस्कोर राहिला तर म्हणणार ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’, म्हणजे दुखतंय पायाला आणि पट्टी डोक्याला. टक्क्याचं चिन्ह त्याहून बेरकी, त्याच्यापुढे त्या ओळीत जे काही असेल ते कॉमेंट समजून गायब होतं, त्यात बंद होणारा कंस पण जातो आणि एरर येतो भलत्याच ओळीवर. त्याआधी बॅकस्लॅश हवा. माझी पद्धत अशी की फक्त पहिला एरर वाचायचा, तो सुटला की परत रन करायचं, खालची लांबलचक यादी वाचण्यात अर्थ नाही, त्यातले अर्धे पहिल्याचीच पिल्लं असतात.

आपल्यासाठी खास: समीकरणात ‘जर’, ‘अन्यथा’ असं मराठी लिहायचं तर झीलेटेक किंवा लुआलेटेक हे लेटेकचे युनिकोडवाले प्रकार घ्या, देवनागरी फॉन्ट सेट करा, आणि शब्द बॅकस्लॅश टेक्स्टच्या कंसात टाका. उघडे लिहिलेत तर गणिताच्या फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसतात, मग पीडीएफमध्ये तिथे काहीच उमटत नाही, फक्त लॉगमध्ये, म्हणजे रनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ येते.

लेटेकच्याच कामाचं टिप्स्ट नावाचं नवं सॉफ्टवेअर पण आहे, अपूर्णांक नुसत्या स्लॅशने होतो, बॅकस्लॅश जवळपास नाहीतच, एरर माणसाच्या भाषेत येतात. पण तिथे ए आणि बी चिकटून लिहिले तर ते एकच नाव समजतं आणि असलं काही माहीत नाही म्हणून अडतं, मध्ये स्पेस द्यावी लागते. स्वतःच्या नोट्ससाठी मी तेही खुशाल वापरा म्हणेन. जर्नलला पेपर पाठवायचा असेल तर मात्र आधी त्यांचं टेम्पलेट कशात आहे ते बघा, गणितवाल्यांकडे ते बहुतेक वेळा लेटेकच निघतं.