खाडीच्या पक्ष्यांसाठीचा टेलिग्राम गट: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात मी ठाणे खाडीच्या पक्षीनिरीक्षकांच्या टेलिग्राम गटात सामील झाले, तेव्हा ऐरोलीत अठरा वर्षे राहूनही बगळा आणि शेकाट्या यांपलीकडे खाडीतला एकही पक्षी मला नावाने ओळखता येत नव्हता. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, हे वर्तमानपत्रात वाचले होते. पण तिथे नेमके कोणत्या वेळी जावे, हे कोणत्याच बातमीत नव्हते.

ते मला गटातील ‘भरती-ओहोटी’ या विषयात कळले. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित (फ्लेमिंगो) खाडीत चरतात आणि भरती चढली की नेरूळच्या पाणथळींकडे सरकतात. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जात असल्यामुळे ‘दर रविवारी सकाळी सात’ असा बेत निरुपयोगी ठरतो. दिवे कोळीवाड्यातील एका काकांनी तिथीची पाऊणपट करण्याचा आपला परंपरागत हिशेब समजावून सांगितला: चतुर्थीला सुमारे तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत पाणी थोडे उशिरा पोहोचते, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हापासून मी दिनदर्शिका पाहूनच घराबाहेर पडते.

गटाचा मला सर्वाधिक आवडलेला नियम असा की, पक्ष्याचे नुसते नाव सांगून चालत नाही, ओळखीची खूण सांगावी लागते. जानेवारीत मी एका करड्या पक्ष्याचा फोटो टाकून त्याला ‘लहान रोहित’ म्हटले. दोघांनी असहमती दर्शवली आणि कारणही दिले: लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, तर मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी असते, मात्र पिल्लांमध्ये हा रंग पुरता आलेला नसतो, म्हणून शेजारच्या पक्ष्यांशी उंची ताडून पाहावी. माझा पक्षी मोठ्या रोहिताचे पिल्लू होता. इतक्या आदराने चूक दाखवणारी माणसे मला यापूर्वीच्या एका गटात भेटली नव्हती. तिथे दिवसभर शुभेच्छांची चित्रे येत असत.

उणीव एकच, पण मोठी आहे. हंगामात रविवारी संध्याकाळी फोटोंचा एवढा पूर येतो की नवख्यांचे प्रश्न त्याखाली दबून जातात, आणि संकोची माणूस पुन्हा विचारत नाही. मी संचालकांना प्रश्नांसाठी वेगळा विषय उघडण्याची विनंती केली. ती मार्चमध्ये मान्य झाली. घुबडाच्या घरट्याची जागा जाहीर न करण्याचा नियम मात्र पहिल्यापासून काटेकोरपणे पाळला जातो.

मे महिन्यात एका सदस्याला अभ्यासकांनी पायात क्रमांकाचे कडे घातलेला रोहित दिसला. त्याच्या एका फोटोत कड्यावरची दोनच अक्षरे वाचता येत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही चौघे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढायला गेलो. पूर्ण क्रमांक जुळला तेव्हा तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवला, आणि तो पक्षी कुठून आला याच्या उत्तराची आम्ही आता वाट पाहत आहोत.