घरी बिअर करण्याचं पहिलं किट: डबा चांगला, पत्रक उतावळं

पहिल्यांदा घरी बिअर करणाऱ्यांसाठी मिळणारी किट आतून बहुतेक सारखीच असतात. तळाशी तोटी असलेली ३० लिटरची बादली, झाकणात बसणारा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी), बादलीवर चिकटवायची तापमानाची पट्टी, बाटल्या भरायची व्हॉल्व्हवाली नळी, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, अर्काचा १.७ किलोचा डबा, त्याच्या झाकणाखाली ५ ते ७ ग्रॅम यीस्टची पुडी, १ किलो डेक्स्ट्रोज (एक साधी साखर), निर्जंतुक करायची पावडर आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. यातून २३ लिटर बिअर होते. बाटल्या आणि बुचं बसवायचं यंत्र बहुधा वेगळं घ्यावं लागतं. घरी बिअर करायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे ना, तेवढं मागवण्याआधी पाहून घ्या.

निकाल आधीच सांगतो. डब्यातला माल चांगला आहे, बादली कामाची आहे, पण पत्रकावर विसंबलात तर दोन्ही वाया जाऊ शकतं. पत्रक दिवस मोजायला सांगतं. यीस्टला दिवस कळत नाहीत; त्याला साखर कळते आणि तापमान कळतं.

आधी डब्याबद्दल. धान्य भिजवणं, गाळणं, हॉप्स तासभर उकळणं ही सगळी कामं कारखान्यात झालेली असतात, म्हणून पहिल्या खेपेला चुकायच्या जागा कमी राहतात. अर्क मधाहून दाट असतो. डबा उघडण्याआधी १५ मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा, मग तो सहज ओघळतो. तळाशी आणि कडांना चिकटून राहिलेला अर्क थोड्या उकळत्या पाण्याने खंगाळून बादलीतच घ्या. अर्क पुन्हा उकळू नका. हॉप्सचा उरलासुरला वास वाफेबरोबर उडून जातो. डब्यावरची तारीख मात्र नक्की पाहा. जुना अर्क काळपट पडतो आणि बिअरला शिळट, करपट गोडवा येतो. तो नंतर कशानेही जात नाही.

डेक्स्ट्रोज ही किटमधली सर्वांत कमकुवत वस्तू. अर्क आणि १ किलो डेक्स्ट्रोज मिळून २३ लिटरला सुरुवातीची घनता साधारण १.०३८ भरते (साध्या पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तशी ती उतरते), म्हणजे गणित बरोबर आहे. पण हे डेक्स्ट्रोज पूर्ण आंबून जातं, मागे काही उरत नाही आणि बिअर जिभेवर पाणचट लागते. त्याऐवजी १ किलो माल्ट पावडर घाला. घनता जवळपास तेवढीच राहते, पण अंग भरतं आणि फेस टिकतो. पावडर मिळाली नाही तर २३ ऐवजी १९-२० लिटरवर थांबा. पहिल्या खेपेचा हा सर्वांत सोपा सुधार आहे.

यीस्टची पुडीही बदलावी असं आमचं मत आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, तेव्हापासून कुठल्या जातीचं यीस्ट घालतोय हे माहीत असणं बिअर करणाऱ्याच्या हाती आलं. किटच्या पुडीवर मात्र बरेचदा जातीचा पत्ता नसतो. डब्यावर लागर (गारव्यात आंबवलेली बिअर) लिहिलेलं असलं तरी आत पुष्कळदा एलचंच (जरा उबेत आंबवलेल्या बिअरचं) यीस्ट असतं. ते वाईट नाही, कारण एलचं यीस्ट १८ ते २० अंशांना चांगलं काम करतं आणि खऱ्या लागरला लागतो तसा १०-१२ अंशांचा गारवा त्याला लागत नाही. पण २३ लिटरला ५ ग्रॅम कमी पडतं. ११ ग्रॅमची एल यीस्टची पुडी वेगळी घ्या.

आता तोटी. ती सुटी येते: एक रबरी वायसर, एक नट. वायसर बादलीच्या भिंतीला सपाट टेकला पाहिजे. वाकडा बसला की थेंब थेंब गळती सुरू. तोटी बसवून बादली साध्या पाण्याने भरा आणि रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच पुढे जा. दर खेपेनंतर तोटी पूर्ण उघडून आट्यांमध्ये अडकलेला चिकट थर ब्रशने काढा. बादली लख्ख दिसते आणि बिअर तरी आंबट होते, तेव्हा दोष बहुतेक वेळा या आट्यांमध्ये सापडतो.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत, पत्रक ती एका ओळीत उरकतं. आधी मळ काढायचा, मग जंतू मारायचे. मळावर ओतलेलं औषध मळाच्या आत पोचत नाही. घासणीने घासू नका, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू घर करतात. क्लोरीनचं ब्लीच वापरलंत आणि नीट खंगाळलं नाहीत तर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही तेच होतं. २३ लिटर पाण्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून घातली की काही मिनिटांत क्लोरीन निघून जातं.

पत्रकातली सर्वांत मोठी चूक तापमानाची. २ लिटर उकळत्या पाण्यात अर्क आणि डेक्स्ट्रोज विरघळवा, मग गार पाणी घाला, असं ते सांगतं. ‘गार’ म्हणजे किती, ते सांगत नाही. वरचं २० लिटर पाणी २५ अंशांचं असेल तर मिश्रण ३१-३२ अंशांवर जातं. त्यात यीस्ट घातलं की ते झपाट्याने कामाला लागतं, पण बिअरला झणझणीत वास येतो आणि घशाला जाळणारं जड अल्कोहोल तयार होतं. त्याच २० लिटरपैकी १४ लिटर आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ५ अंशांपर्यंत गार करून ठेवलं तर मिश्रण थेट २० अंशांच्या आसपास उतरतं. गार पाणी उंचावरून ओता, नंतर दोन मिनिटं जोरात ढवळा. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. पुढे मात्र हवा ही बिअरची वैरी.

नीट ढवळलं नाही तर दाट अर्क तळाशी बसतो आणि तोटीतून घेतलेला नमुना १.०५० च्या पुढेही दाखवतो. असा आकडा आला तर खूश होऊ नका, पुन्हा ढवळा. आधी हायड्रोमीटरही २० अंशांच्या साध्या पाण्यात बुडवून पाहा. तिथे १.००० दिसलं पाहिजे. स्वस्त हायड्रोमीटरमधली कागदी पट्टी किंचित सरकलेली असते. फरक लिहून ठेवा आणि दर वेळी तेवढा वजा किंवा मिळवा.

यीस्ट घातल्यावर १२ ते २४ तासांत फेस धरतो. पहिले तीन दिवस आंबण्याचीच उष्णता बादलीला दोन-तीन अंश वर नेते, म्हणून खोली २० अंशांची असेल तर बादली २२-२३ वर जाते. बादली पाण्याच्या टबात ठेवा, भोवती ओलं कापड गुंडाळा आणि टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. जपायचे ते हेच तीन दिवस. फेस उतरल्यावर कडेला तपकिरी खरवडीसारखं वळं राहतं, कधी गंधकाचा वासही येतो. दोन्ही नेहमीचंच आहे, घाबरून बिअर ओतून देऊ नका.

पत्रक म्हणतं, पाच-सहा दिवसांत एअरलॉकचे बुडबुडे थांबले की बाटल्या भरा. हे धोक्याचं आहे. झाकण जरा सैल असेल तर वायू तिथून निघून जातो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून गप्प राहतो. उलट ऊन लागून बादली तापली तर आंबणं संपल्यावरही बुडबुडे येतात. विश्वास फक्त हायड्रोमीटरवर ठेवा. दहाव्या दिवशी एक वाचन, बाराव्या-तेराव्या दिवशी दुसरं. दोन्ही सारखी आणि १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान असतील तर काम झालं. यातच अल्कोहोलचं प्रमाणही कळतं: सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. १.०३८ वरून १.०१० वर आली तर सुमारे ३.७ टक्के.

घाईने काय होतं ते आकड्यांत पाहा. घनता ०.००१ ने उतरली की लिटरभर बिअरमध्ये जवळपास अर्धा लिटर वायू तयार होतो. १.०१४ वर बाटली बंद केली आणि आत ती १.००८ पर्यंत उतरली, तर लिटरमागे ३ लिटर वायू जास्तीचा, आणि फेसासाठी मुद्दाम घातलेल्या साखरेचा त्याशिवाय. नेहमीच्या बिअरमध्ये एकूण असतो २.४ लिटरच्या आसपास. अशी काचेची बाटली कपाटात फुटते, आणि काचा लांबवर उडतात.

बाटल्या भरताना फेसासाठी घालायच्या साखरेच्या तयार गोळ्या ३३० मिलीच्या बाटलीला ठीक आहेत. ५०० मिलीला एक कमी पडते, दोन जास्त होतात. त्यापेक्षा दुसरी तोटीची बादली घ्या. गाळ सोडून हाती येणाऱ्या २२ लिटरसाठी १४० ग्रॅम साधी साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करून दुसऱ्या बादलीत तळाशी ओता आणि वरून रबरी नळीने बिअर हळू उतरवा. नळीचं टोक बिअरच्या पातळीखाली राहू द्या, खळखळाट होऊ देऊ नका. हवा मिसळली की महिनाभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. किटमधली व्हॉल्व्हवाली नळी मात्र खरोखर छान आहे. बाटली काठोकाठ भरा, नळी काढा, तिच्या जाडीइतकी रिकामी जागा आपोआप उरते. बाटल्या तपकिरी काचेच्या घ्या. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून उजेड पोचला की हॉप्समधल्या द्रव्यांपासून उग्र, स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी तयार होते.

एक बाटली मुद्दाम सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. बाकीच्यांबरोबर २० अंशांच्या आसपास अंधारात ठेवा आणि रोज बोटाने दाबून पाहा. पहिल्या दिवशी ती मऊ दबते. दोन आठवड्यांनी दगडासारखी कडक लागली की काचेच्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा आणि तिथे आणखी तीन दिवस उभ्या राहू द्या, म्हणजे वायू बिअरमध्ये मुरतो आणि यीस्टचा गाळ तळाशी घट्ट बसतो. ओतताना ग्लास तिरका धरा, एका दमात ओता आणि तळातला बोटभर गढूळ भाग बाटलीतच राहू द्या.